ज्येष्ठस्नेही शहर

उतारवयातही माणसाला कुणाचा हात न धरता घराबाहेर पडता यावे आणि चारचौघांत मिसळता यावे, अशा बेताने आखलेले वा सुधारलेले शहर किंवा वस्ती. या कल्पनेला जागतिक आरोग्य संघटनेने चालना दिली. ३३ शहरांतील वृद्धांशी बोलून तिने २००७ मध्ये मार्गदर्शिका काढली. त्यांत दिल्ली व उदयपूर ही भारतीय शहरे होती. ब्राझीलचे डॉ. अलेक्झांद्र कालाश हे उपक्रमाचे प्रवर्तक. मोकळ्या जागा, वाहतूक, घरे यांपासून मानसन्मानापर्यंत ८ क्षेत्रे मार्गदर्शिकेत येतात. २०१० मध्ये अशा शहरांचे जागतिक जाळे स्थापन झाले.

खरी परीक्षा रस्ता ओलांडताना होते. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरतात. या हिशेबाने १२ मीटर रुंद रस्त्याला १० सेकंद पुरतात, ०.८ मीटरच्या चालीने मात्र १५ लागतात, आणि पाच सेकंद आधीच गाड्या सुटतात. सिंगापूरने २००९ पासून यावर सुटसुटीत तोड काढली. ज्येष्ठाने आपले सवलतकार्ड सिग्नलच्या खांबावरील यंत्राला टेकवले, की हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त टिकतो. वाढीव वेळ रस्त्याच्या रुंदीवर ठरते. न्यूयॉर्कने २०११ पासून पदपथांवर बाके बसवली. थकल्यावर टेकायला जागा आहे, एवढ्या भरवशावर माणूस बाजारापर्यंत जातो.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या निकषांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची कड १५ सेंटिमीटरहून उंच नको. कागदावर निकष चोख आहेत. पदपथावर विजेची पेटी, लावलेल्या दुचाकी आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक भेटतात.

महाराष्ट्रात हा विषय बराचसा नाना-नानी पार्क आणि विरंगुळा केंद्रांपुरता राहिला. ज्येष्ठ नागरिक संघांचे कट्टे तिथेच भरतात, हे मोलाचे; पण पार्कपर्यंतचा रस्ता कोणाच्याच खात्यात नसतो. एसटीत ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. साध्या गाडीची पहिली पायरी मात्र उंचच राहिली. तिकीट माफ झाले, तरी गुडघे चढतातच असे नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग स्वच्छतागृहांचा. वाटेत सोय नसेल, तर बाहेर पडायच्या आधी पाणी पिणेच टाळले जाते, किंवा बेतच रद्द होतो. मधुमेह वा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची आणि स्त्रियांची अडचण अधिक. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेली ‘राइट टू पी’ मोहीम स्त्रियांसाठी होती. वृद्धांचे नाव तिच्यावर नसले, तरी तिची मागणी या विषयातलीच आहे.