रेडिओ खगोलशास्त्राची खोडद परंपरा

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकी संशोधकांची एक परंपरा. तिचे मुख्य केंद्र पुणे जिल्ह्यात आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) १९६३ मध्ये अमेरिकेतून परतले आणि रेडिओ खगोलशास्त्राच्या गटाची उभारणी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३२ लहान तबकड्या कल्याणला मांडून सूर्याची निरीक्षणे घेतली गेली.

उटीची दुर्बीण (१९७०) ही खरी चातुर्याची करामत. डोंगराचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतकाच, सुमारे ११ अंशांचा निवडल्याने ५३० मीटर लांबीची दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा एकाच अक्षाभोवती फिरवून स्रोताचा तासन्‌तास मागोवा घेता येतो.

पुढचा टप्पा जुन्नर तालुक्यातील खोडदचा: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यभागी, उरलेल्या इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. मीटरभर लांबीच्या लहरींना पत्र्याची गरज नसते, तारांची जाळी पुरते. म्हणून तबकड्या हलक्या, वाऱ्याला न जुमानणाऱ्या आणि स्वस्तही झाल्या. सर्व तबकड्यांच्या मोजमापांची जुळवाजुळव संगणक करतो. या गटाचे राष्ट्रीय केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात असून तेथे पीएच.डी.चे विद्यार्थी घडतात.