जूनसाठी तीन गोष्टी

जून लागला, आंबे संपत आले आणि प्राइडचा महिना सुरू झाला. तर आज काय वाचायचं, काय बघायचं ते सांगतो, पण जरा इतिहास धरून.

कॉलेजात असताना मी विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ वाचलं. १९८१मध्ये रंगमंचावर आलेलं नाटक. त्यातली सुमित्रा, म्हणजेच मित्रा, एका मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. पुस्तक मिटलं तेव्हा मनात एकच आलं, आपलीही गोष्ट अशीच संपणार का?

२००६मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली. भाऊ आणि बहीण, दोघंही घरातल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात. मनं मोडतात, पण दोघं जगतात.

आणि २०२५मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘सबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, इथे प्रेमाची शिक्षा मरण नाही.

तिन्ही याच क्रमाने घ्या. पण ओळखीतलं कुणी मित्रापाशीच अडकलं असेल, तर त्याला आधी ‘सबर बोंडं’ दाखवा.