डिलीटचं बटण आणि तीन महिन्यांचा नियम

काल माळा आवरताना जुन्या कॅसेटची पिशवी सापडली आणि २०१० सालची एक चूक आठवली. चूक माझीच. पण तिचा आपल्या सगळ्यांशी संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या.

तेव्हा मी आपल्या भागातल्या एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर इंटर्न होते. मानधन नाही, चहा फुकट. पहिले पंधरा दिवस मला माइकजवळ फिरकू दिलं नाही. रेडिओत उभी हयात घालवलेले एक निवृत्त सर शिकवायला यायचे. कागद उलटायचा नाही, सरकवायचा, नाहीतर खरखर ऐकू जाते. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंड किंचित बाजूला. हजार लोकांशी नाही, स्वयंपाकघरातल्या एका बाईशी बोलतोय असं बोलायचं. आणि मधे शांतता पडू द्यायची नाही. चार सेकंद आवाज आला नाही की माणूस समजतो, सेट बिघडला.

सर जुन्या टेपच्या गोष्टी सांगायचे. बाराशे फुटांचं स्पूल साडेसात इंच वेगाने फिरवलं की जेमतेम बत्तीस मिनिटं. चुकलेला शब्द ब्लेडने कापायचा, टोकं चिकटपट्टीने जोडायची. स्पूल महाग, म्हणून कार्यक्रम झाला की पुसायचं आणि पुन्हा वापरायचं. हे काही आपल्याकडचंच नाही. बीबीसीनेही कितीतरी जुने कार्यक्रम असेच पुसले आणि नंतर हळहळ केली.

आता आमचं छोटं स्टेशन कुठून आलं, तेही सांगते. मुंबईत २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, रेडिओ सरकारने ताब्यात घेतला आणि पुढची कित्येक दशकं तो सरकारकडेच राहिला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची दारं उघडली, २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं स्टेशन सुरू झालं आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, अशी अट होती. अट चांगलीच होती.

त्याच नियमांत आणखी एक कलम होतं: प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. हेतू सरळ आहे. कुणी तक्रार केली तर पुरावा हवा. तीन महिन्यांनंतर त्या आवाजाचं काय करायचं, याबद्दल मात्र काही नाही.

आमची हार्डडिस्क भरली. मला यादी मिळाली, ‘तीन महिन्यांच्या आधीचं काढून टाक.’ मी मन लावून काढलं. त्यात जवळच्या वाडीवरच्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, पाऊण तासाच्या. आमच्याच मुलांनी अंगणात बसून रेकॉर्ड केलेल्या, मागे कोंबड्यांचा आवाज. सहा महिन्यांनी आजींचा नातू स्टेशनवर आला. आजी गेल्या होत्या. ‘ताई, तेवढं पेनड्राइव्हमध्ये द्याल का?’

मी काय उत्तर देणार? सर शेजारीच होते. ते एवढंच म्हणाले, ‘अगं, आम्हाला निदान टेप महाग होती. तुमच्याकडे काय कारण?’

तो प्रश्न अजून जात नाही. काय टिकतं नि काय पुसलं जातं, हे ठरतं कसं? पुणे आकाशवाणीचीच दोन उदाहरणं घ्या. १ एप्रिल १९५५ पासून तिथून गदिमांचं आणि सुधीर फडक्यांचं गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६. ते घराघरात राहिलं, कारण त्याचं पुस्तक झालं, मैफली झाल्या, रेकॉर्डी निघाल्या. आणि ते अजून चालू होतं तेव्हाच, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने दुसरा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे गट केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. एकूण वीस कार्यक्रम. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, अहवाल छापला गेला आणि पुढे ही योजना देशभर नेली गेली. आपल्या गावाकडच्या माणसांनी १९५६ मध्ये रेडिओला उलट प्रश्न विचारले, हे आज कळतं ते त्या छापील अहवालामुळे!

ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखभर ओव्या जमवल्या, म्हणून त्या आज ऐकता-वाचता येतात. कुणीतरी ठरवून जपलं, तेच राहिलं. आपोआप काहीच राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कम्युनिटी रेडिओला परवानगी देताना तीन महिन्यांचा पुरावा मागता, तसं वर्षातून निवडक स्थानिक रेकॉर्डिंग जिल्हा ग्रंथालयात जमा करायलाही सांगा. त्याला फार खर्च नाही. पाऊण तासाची फाइल आज कुणाच्याही मोबाइलमध्ये मावते.

आणि आपण तरी काय करायचं? माळ्यावरच्या कॅसेट फेकू नका. त्यात कुणाचं कीर्तन असेल, कुणाचं भाषण, कुणाच्या आईचा आवाज. टेपला बुरशी लागायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि वर नाव, गाव, साल लिहा. आपल्या गावातलं असं काही तुमच्याकडे असेल तर खाली सांगा. उतरवून द्यायला मी येते, चहा तुमचा.

तेवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं.