घणापासून रोटरी हॅमरपर्यंत

चाकूर परिसरात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. म्हणून अर्थिंगची सळई खालच्या ओलाव्यापर्यंत पोहोचायला हवी. भारतीय मानक ३०४३ च्या १९८७ च्या आवृत्तीने तिची लांबी किमान २.५ मीटर सांगितली होती. घणाने ठोकताना सळईचे डोके चेपते, ती वाकते. मग कोणते यंत्र निवडावे? आपण यंत्राचा इतिहास पाहू.

जर्मनीतील फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरायचे विजेचे ड्रिल बनवले. ते नुसते फिरे. पुढे दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरवून त्याला ठोके देण्याची युक्ती निघाली. आजचे साधे हॅमर ड्रिल ते हेच. याचे ठोके पुष्कळ, पण हलके, विटांच्या भिंतीपुरते. १९३२ मध्ये 'बॉश-हॅमर' आला. आजच्या रोटरी हॅमरमध्ये मोटार दट्ट्या हलवते आणि दट्ट्यापुढे कोंडलेली हवा आतला हातोडा जोराने फेकते. ठोके कमी, पण जड.

सळईला फिरणे नको, ठोकाच हवा. म्हणून फिरणे बंद करता येणारा रोटरी हॅमर आणि सळईच्या डोक्यावर बसणारी टोपी घ्यावी, असे आम्ही सुचवतो.

आणि पाषाण लागला तर? मानकाची ती आवृत्ती सळई उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत तिरकी ठोकू देत असे, आखूड करू देत नसे. कापलेली सळई वरून ओळखू येत नाही. तिची उणीव कळते ती बिघडलेल्या मोटारीला कुणाचा हात लागल्यावर. म्हणून ठोकून झाल्यावर अर्थ टेस्टरने रोध मोजावाच, तोही उन्हाळ्यात.