बारा मीटरची मगर, की साडेनऊची?

डायनोसॉरच्या काळातल्या मगरींचा विषय निघाला की एक आकडा हमखास समोर येतो: १२ मीटर. म्हणजे एसटीच्या गाडीएवढी मगर! तिचं नाव सार्कोसुकस. आमच्या धंद्यात आकडा दिसला की तो आला कुठून हे विचारायची खोड लागते, म्हणून हा उद्योग.

गोष्ट आहे आफ्रिकेतल्या नायजर देशातली. तिथल्या सहारा वाळवंटात गादूफावा नावाची जागा आहे. आज नुसती वाळू, पण ११ कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठ्या नद्या वाहत होत्या. १९६४ साली युरेनियम शोधणाऱ्या फ्रेंच मंडळींना तिथे एक भलीथोरली कवटी मिळाली. १९६६ साली फ्रान्स द ब्रोआँ आणि फिलिप ताके यांनी या प्राण्याचं बारसं केलं. पुढे पॉल सरीनो यांच्या तुकडीने १९९७ आणि २००० साली तिथूनच आणखी जीवाश्म गोळा केले.

आता गंमत बघा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अख्खा सांगाडा काही मिळालेला नाही. सगळ्यात मोठी कवटी १.६ मीटरची. मग सरीनो आणि सहकाऱ्यांनी आजच्या घरियाल आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींवरून डोकं आणि अंग यांच्या लांबीचं प्रमाण काढलं, ते या कवटीला लावलं आणि २००१ साली उत्तर दिलं: ११ ते १२ मीटर, वजन ८ टन.

पण मगरींच्या जातीजातीत थोबाडाची लांबी फार बदलते. कुणाचं लांबट, कुणाचं आखूड. म्हणून २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी लांबीऐवजी डोक्याची रुंदी धरली. उत्तर आलं ९ ते ९.५ मीटर, वजन ४ टनांच्या आसपास. एका झटक्यात वजन निम्मं! कवटी तीच, फक्त सूत्र बदललं.

मला विचाराल तर याच प्राण्याचा एक वेगळा आकडा जास्त मोलाचा आहे. मगरीच्या पाठीवरच्या हाडांच्या चकत्यांमध्ये झाडासारखी वाढीची वलयं असतात. सरीनो यांच्या तुकडीने एका सार्कोसुकसची वलयं मोजली. ती निघाली सुमारे ४०, आणि तरीही त्याची वाढ पुरी झालेली नव्हती! म्हणजे हा प्राणी झपाट्याने नाही, तर वर्षानुवर्षं वाढत राहून एवढा झाला. १२ मीटर हा ताणून काढलेला आकडा होता, हा हाडात बघून मोजलेला. पोस्टरवर मात्र पहिलाच छापला जातो. असो.