अठरा विश्वे दारिद्र्य

सोलापुरातील शुक्रवार पेठेला वाराचे नाव आहे. श्रावणात ह्याच वाराची एक कहाणी घरोघर वाचली जाते. तीत श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो आणि दरिद्री बहिणीला पंक्तीवरून उठवतो. अशा बहिणीची स्थिती सांगताना मराठी माणूस ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ म्हणून जातो. पण ते अठराच का, आणि विश्वे म्हणजे काय?

अठरा जगे असा अर्थ अर्थातच नव्हे. एक उलगडा असा की, मूळ शब्द ‘विसे’. पूर्वी विसा-विसांनी मोजीत. अठरा विसे म्हणजे 360. बारा मासांच्या तिथीही तितक्याच. म्हणून वर्षातील एकही तिथी सुटत नाही असे दारिद्र्य. हिशेब मोठा गोंडस आहे, पण त्यासाठी ‘विसे’चे ‘विश्वे’ करावे लागते आणि तिथी पदरच्या घालाव्या लागतात. दुसरा उलगडा अधिक पटतो. विश्वा, हिंदीतील बिस्वा, म्हणजे विसावा भाग. वीस बिस्व्यांचा एक बिघा होतो. हिंदीत ‘बीस बिस्वे’ म्हणजे पूर्णपणे, निश्चित. तेव्हा विसांपैकी अठरा भाग दारिद्र्य. उरलेले दोन कोणासाठी राखले, हे म्हणीने सांगितलेले नाही!

‘दरिद्र’ शब्द त्याहून बोलका. तो ‘द्रा’, म्हणजे धावणे, ह्या धातूच्या द्विरुक्त रूपापासून आला. त्याचा मूळ अर्थ वणवण भटकणारा. निर्धन हा अर्थ मागाहून जडला.

सोलापूर जिल्ह्याने हा मूळ अर्थ 1876 साली डोळ्यांनी पाहिला. पाऊस गेला, ज्वारी बुडाली, आणि माणसे गुरांसह गावे सोडून निघाली. शहराजवळ एकरूखचा तलाव 1871 सालीच पुरा झाला होता, पण त्याच्या कालव्यांखालची जमीन ती किती! आगगाडीही होती, तिने धान्य येऊ शके, मात्र ते विकत घेण्यास मजुरी हवी. विणकराची गत आणखी चमत्कारिक. त्याचे शेत बुडाले नव्हते, कारण त्याला शेतच नव्हते; पण शेतकऱ्याचे पीक गेले की त्याच्या घरचे लुगडे घ्यावयाचे राहते, आणि माग थांबतो. 1881 च्या खानेसुमारीत जिल्ह्याची वस्ती 1872 पेक्षा कमी भरली. त्या घटीत मेलेले किती व परागंदा झालेले किती, हे नुसत्या बेरजेवरून उमगत नाही.