विजेची जवारी

गिटार हे मुळात दिवाणखान्यातले वाद्य. लाकडी पोकळीच्या आधाराने त्याच्या तारांतून जो नाद उमटतो तो मोजक्या श्रोत्यांच्या बैठकीला पुरेसा होता. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत अमेरिकेतील नृत्यगृहांतून पितळी वाद्ये, ड्रम आणि पियानो यांचा जो मोठा मेळ वाजू लागला, त्यात बसलेल्या गिटारवादकाचा हात हललेला दिसे, पण त्याचे वादन कोणाच्या कानी पोहोचत नसे. या उपेक्षेतून सुटण्यासाठी वादकांनी आणि कारागिरांनी विजेचा आश्रय घेतला, आणि त्या आश्रयातून पुढच्या चाळीस वर्षांत जे निष्पन्न झाले ते मूळ वाद्याची मोठी आवृत्ती नव्हती, तर गिटार, पायाखालचे पेडल आणि पाठीमागचा अ‍ॅम्प्लिफायर या तिघांचे मिळून एक नवेच वाद्य होते. रॉक संगीताचा इतिहास लिहिताना गायकांची आणि वादकांची चरित्रे विस्ताराने येतात. या त्रिविध वाद्याची आणि ते घडविणाऱ्या हातांची हकीकत मात्र तळटिपांत राहते. ती मुख्य मजकुरात यावी अशी तिची योग्यता आहे.

विद्युत् गिटारचा पहिला दाखला लॉस एंजेलिस शहरातला. हवाई बेटांतील गिटारवादनाने त्या काळी अमेरिकेला वेड लावले होते, आणि जॉर्ज बीचम हा त्याच पद्धतीने मांडीवर गिटार ठेवून वाजविणारा वादक आपल्या वाद्याचा आवाज मोठा कसा होईल या एकाच ध्यासाने झपाटलेला होता. १९३१ साली त्याने नालाच्या आकाराच्या लोहचुंबकांखाली अतिसूक्ष्म तांब्याच्या तारेची गुंडाळी बसविली आणि त्या दोहोंच्या क्षेत्रातून गिटारच्या तारा नेल्या. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, क्षेत्र हलले की गुंडाळीत क्षीणसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरने शेकडो पटींनी वाढवून स्पीकरकडे पाठविला की तारेचा कंप सभागृहभर ऐकू येतो. पिकअप नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या योजनेत आजतागायत मूलभूत फरक पडलेला नाही. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराच्या साहाय्याने १९३२ पासून हे वाद्य विक्रीस आले, आणि त्याच्या गोल, दांडा असलेल्या आकारामुळे लोक त्याला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. पेटंटसाठी १९३४ साली अर्ज दाखल झाला तेव्हा हे यंत्र खरोखर चालते काय, अशी शंका सरकारी परीक्षकांनी काढली. शेवटी वादकांकडून प्रत्यक्ष वाजवून दाखवून त्या शंकेचे निरसन करावे लागले आणि १९३७ साली अर्ज मंजूर झाला.

याच सुमारास, १९३६ साली, गिब्सन कंपनीने ‘ईएस-१५०’ हे मॉडेल बाजारात आणले, आणि ते हाती घेऊन चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण कृष्णवर्णीय वादक १९३९ साली बेनी गुडमन यांच्या जॅझ मेळात दाखल झाला. सॅक्सोफोनच्या बरोबरीने गिटारवर स्वतंत्र, दीर्घ आलाप घेता येतात हे त्याने जगाला दाखविले. १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्याचे निधन झाले. परंतु गिटार हे केवळ साथीचे वाद्य नव्हे, हा निवाडा तो कायमचा देऊन गेला.

तथापि पोकळ अंगाच्या गिटारला एक व्याधी होती. स्पीकरचा आवाज वाढविला की तो आवाज गिटारच्या पोकळीत शिरून तारांना पुन्हा हलवी, त्या कंपाचा पुन्हा मोठा आवाज होई, आणि या चक्रातून असह्य असा आक्रोश उठे. त्यावर भरीव लाकडाचे गिटार हा उपाय कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी बाजारात रूढ केला. शिक्षणाने हिशेबनीस आणि व्यवसायाने रेडिओ दुरुस्त करणारे फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हते, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत अर्थपूर्ण वाटते. वादक आपली तक्रार घेऊन दुकानात येत आणि फेंडर ती मुकाट्याने ऐकून घेत. मान तुटली तर चार स्क्रू काढून दुसरी बसविता यावी, बिघाड झाला तर तो त्याच रात्री निस्तरता यावा, अशा दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने त्यांनी वाद्याची आखणी केली. १९५० साली आलेल्या त्यांच्या ‘ब्रॉडकास्टर’ गिटारच्या नावावर एका ड्रम बनविणाऱ्या कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ते बदलून ‘टेलिकास्टर’ करावे लागले. १९५१ साली बास गिटार आणि १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ त्यामागोमाग आले. दरम्यान १९५२ साली गिब्सनने ‘लेस पॉल’ आणले, आणि त्याच कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून विजेच्या तारांतून येणारी घरघर एकमेकींकडून रद्द करविणारा पिकअप सिद्ध केला.

इथवरचा सारा उद्योग शुद्धतेचा होता. तारेचा नाद जसा आहे तसा, कोणतीही भर न घालता, मोठा करून द्यावा, हेच अ‍ॅम्प्लिफायरचे कर्तव्य मानले जाई. त्या काळच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काचेचे निर्वात व्हॉल्व्ह असत, आणि त्यांच्या शक्तीबाहेर काम दिले की ध्वनिलहरींचे माथे दबून जात, मूळ स्वराला नवनवे उपस्वर येऊन मिळत, आणि आवाजाला एक प्रकारची खरखर येई. अभियंत्यांच्या दफ्तरी या प्रकाराची नोंद विकृती म्हणून होती, आणि ती टाळण्यासाठी त्यांची सारी विद्या खर्ची पडत होती.

या विकृतीला प्रतिष्ठा मिळाली ती अपघातांच्या मालिकेतून. १९५१ साली मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्याकडे ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित व्हावयाचे होते; वाटेत अ‍ॅम्प्लिफायरला इजा झाली, फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावून नेण्यात आली, आणि त्यातून निघालेला घोगरा आवाज फिलिप्स यांनी तसाच राहू दिला, असे सांगतात. १९५८ साली लिंक रे याने आपल्या ‘रम्बल’ या वादनासाठी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने मुद्दाम भोके पाडली. १९६४ साली लंडनच्या ‘किंक्स’ मेळातील डेव्ह डेव्हिस या पोराने आपल्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरवर दाढीचे पाते चालविले, तो चिरलेला आवाज दुसऱ्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला, आणि त्या आवाजावर ‘यू रियली गॉट मी’ हे गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. अपघाताने आलेली खरखर आता वादक हाताने ओढवून घेऊ लागला होता.

ज्याचे कान हिंदुस्थानी संगीतावर पोसले आहेत त्याला या घटनेचे आश्चर्य वाटू नये. मिरजेचा वाद्यकार तंबोऱ्याची घोडी कानसेने घासून तिला सूक्ष्म उतार देतो, तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधतो, आणि तार घोडीला चाटून जाताना जी झणकार उठते तिला जवारी खुलली असे म्हणतो. ती जवारी नसेल तर तंबोरा सुरात असूनही मुका वाटतो, कारण खर्जाच्या एका तारेतून गंधारापर्यंतचे उपस्वर जागे होतात ते त्या घर्षणामुळेच. व्हॉल्व्हची विकृती हेच कार्य विजेच्या मार्गाने करते. मूळ स्वर तोच राहतो, पण त्याच्या पोटातील सुप्त स्वरसमुदाय पृष्ठभागावर येतो, आणि क्षणात विरणारा गिटारचा ठोका सनईच्या स्वरासारखा लांबत राहतो. पाश्चात्त्य यंत्रशास्त्राने ज्याला दोष म्हटले त्याला त्यांच्याच वादकांनी गुण ठरविले, आणि हा रसिकतेचा विजय होता असे माझे स्पष्ट मत आहे.

गुण ठरलेला दोष मग हुकमी करण्याची पाळी आली. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन वाजवीत असलेल्या बास गिटारचा आवाज, नियंत्रणफलकातील एक ट्रान्सफॉर्मर बिघडल्यामुळे, कर्कश होऊन उमटला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साह्याने हुबेहूब पुन्हा उत्पन्न करणारे मंडल जुळविले आणि ते गिब्सनकडे नेले. १९६२ साली ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने ते बाजारात आले. पाचरीच्या आकाराची एक लहानशी पेटी, वर पायाने दाबावयाची कळ, दोन फिरक्या. गिटारकडून आलेली तार एका अंगाला आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी दुसऱ्या अंगाला. कंपनीने तिची जाहिरात केली ती गिटारमधून पितळी वाद्यांचे आणि चेलोचे आवाज काढणारी युक्ती म्हणून, आणि त्यामुळे ग्राहक फारसे फिरकले नाहीत. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ गाण्याच्या आरंभी ती वापरली, तीसुद्धा पुढे येणाऱ्या पितळी वाद्यांची जागा दाखविण्यापुरती. परंतु ध्वनिमुद्रिका तशीच प्रसिद्ध झाली, आणि दुकानांतील फझ-टोनचा साठा संपून गेला. नक्कल म्हणून जन्मलेला आवाज स्वतःच्या पायांवर उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ लंडनात ‘फझ फेस’, अमेरिकेत स्वराला मानवी तोंडासारखी उघडझाप देणारे ‘वाह-वाह’, आणि न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांचे ‘बिग मफ’ अशी पेडलांची वंशावळ वाढत गेली.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत निर्णायक पाऊल पडले ते लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल या वस्तीत. जिम मार्शल हे ड्रम शिकविणारे गृहस्थ. त्यांनी १९६० साली तेथे वाद्यांचे दुकान काढले, आणि शिष्यांबरोबर येणाऱ्या गिटारवादकांनी महागड्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरला पर्याय मागितला तेव्हा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या दोघा तंत्रज्ञांकरवी फेंडरच्या ‘बासमन’ अ‍ॅम्प्लिफायरचा नमुना समोर ठेवून १९६२ साली ‘जेटीएम ४५’ तयार करविला. नकाशा फेंडरचा असला तरी स्थानिक बाजारातील सुटे भाग आणि बंद पेटीत बसविलेले चार बारा इंची सेलेस्टियन स्पीकर यांमुळे आवाज निराळाच निघाला, अधिक जाड आणि अधिक उग्र. ‘द हू’ मेळाच्या पीट टाउनशेंड यांनी आणखी मोठा आवाज मागितला, तेव्हा १९६५ साली शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि आठ स्पीकरांची एकसंध पेटी सिद्ध झाली. ती उचलता उचलता सामान वाहणाऱ्या गड्यांचे कंबरडे मोडण्याची वेळ आली, म्हणून तिचे दोन तुकडे करून ते एकावर एक रचण्यात आले. रॉकच्या रंगमंचाची खूणगाठ होऊन बसलेली ती काळी भिंत अशी हमालांच्या तक्रारीतून उभी राहिली आहे.

एवढ्या ताकदीची खरोखर गरज होती काय, असा प्रश्न आज कोणी विचारील. १९६५ च्या ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर श्रोत्यांपुढे बीटल्स वाजवीत होते, आणि प्रेक्षकांच्या आरोळ्यांत त्यांना स्वतःचे वादनही ऐकू येत नव्हते. गिटारचा आवाज मायक्रोफोनने उचलून मैदानभर पसरविण्याची व्यवस्था तेव्हा बाल्यावस्थेत होती. रंगमंचावरील अ‍ॅम्प्लिफायरवरच जवळजवळ सारा भार पडे. ती व्यवस्था पुढील दशकात प्रौढ झाली तेव्हा काळ्या भिंतीची व्यावहारिक गरज संपली, पण तिचा अंमल उठला नाही, कारण तोपर्यंत वादक तिच्याकडे मोठेपणासाठी नव्हे तर आवाजाच्या जातीसाठी पाहू लागले होते. १९६६ साली एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयल यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रणात लेस पॉल गिटार मार्शलला जोडून, आवाज कमी करण्याची विनंती नाकारून, जो भरदार स्वर काढला त्याने ही गोष्ट पक्की केली.

या साऱ्या साधनांचा कळस जिमी हेंड्रिक्स यांच्या हाती चढला. उजव्या हाताचे स्ट्रॅटोकास्टर उलटे धरून डाव्या हाताने वाजविणारा हा वादक १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉक संगीतमहोत्सवाच्या मैदानावर उभा राहिला, आणि फझ, वाह-वाह व मार्शल यांच्या साह्याने त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत असे वाजविले की त्यात व्हिएतनामवर कोसळणाऱ्या बाँबचा स्फोट आणि रुग्णवाहिकेचा आक्रोश लोकांना स्पष्ट ऐकू आला. फेंडर यांनी ज्या आक्रोशाला टाळण्यासाठी भरीव गिटार बनविले, तोच आक्रोश हेंड्रिक्स यांनी स्पीकरपुढे उभे राहून, एकेका पावलाने जवळ-दूर होऊन, स्वराप्रमाणे वळविला.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या आणि तेथील ‘हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या मेळात पियानो वाजविणाऱ्या फारुख बलसारा या पारशी मुलाने पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जो ‘क्वीन’ मेळ गाजविला, त्याच्या आवाजामागेही असाच घरगुती कारागिरीचा इतिहास आहे. त्या मेळाचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरीच बनविलेल्या गिटारची मान जुन्या शेगडीच्या महिरपीच्या लाकडाची आहे, त्या गिटारमधील स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या आहेत, आणि मे ते वाजवितात सहा पेन्सांच्या नाण्याने, व्हॉक्स कंपनीच्या ‘एसी-३०’ अ‍ॅम्प्लिफायरमधून.

या इतिहासाची काळी बाजू लपविणे योग्य नव्हे. १९७६ साली ‘द हू’चा कार्यक्रम ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजला गेला आणि त्याची विक्रमपुस्तकात नोंद झाली, टाउनशेंड यांनी मागाहून स्वतःच्या श्रवणदोषाविषयी जाहीरपणे सांगितले, आणि कानांचे नुकसान होईल म्हणून त्या विक्रमपुस्तकाने हा प्रकारच बंद केला. स्वराची जात आणि स्वराची मात्रा या दोन भिन्न गोष्टी आहेत. जवारीचे माधुर्य मात्रेवर अवलंबून नसते. आज संगणकीय पेट्या तीच जात धिम्या आवाजातही बऱ्याच अंशी देतात, आणि व्हॉल्व्ह बनविणारे कारखाने मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथेच उरले असूनही ती काचेची नळी वादक सोडावयास तयार नाहीत.

या कथेतील कर्ते पुरुष पाहा: रेडिओ दुरुस्त करणारा, ड्रम शिकविणारा, ध्वनिमुद्रणाचा तंत्रज्ञ. आपल्याकडेही मुंबई, पुणे आणि गोव्यातील ऑर्केस्ट्रांसाठी, परदेशी माल आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मिळ असताना, रेडिओच्या दुकानांतील कारागिरांनी डाख लावून अ‍ॅम्प्लिफायर जुळविले, आणि त्यांची नावे अद्याप कोणत्याही दफ्तरात रुजू झालेली नाहीत. ज्यांच्या घरी अशी जुनी पेटी पडून असेल त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी तिच्यावर कोणाचा हात फिरला होता हे लिहून ठेवावे, एवढीच या लेखाची विनंती आहे. कारण आपल्या संगीताच्या इतिहासातील तेवढा भाग त्या पेटीबरोबरच नाहीसा होणार आहे.